सुपरवायझर घडवायचा कोणी?

अमरावतीजवळ नांदगाव पेठला होणाऱ्या पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी 20 सप्टेंबर 2024 रोजी झाली. अशा एका पार्कमधून सुमारे एक लाख प्रत्यक्ष रोजगार मिळावेत, अशी केंद्राची अपेक्षा आहे. चर्चा जमीन, पाणी आणि विजेची होते. एवढ्या नवख्या माणसांकडून काम करून घेणारे सुपरवायझर कुठून आणायचे, हा प्रश्न मात्र मागेच पडतो. रूढ रीत अशी, की ज्याचा हात सर्वांत सफाईदार, त्याच ऑपरेटरकडे लाइन सोपवायची. काल सोबत डबा खाणाऱ्यांना आज त्याने टार्गेट विचारायचे, रजा नाकारायची, भांडण मिटवायचे. ही कामे मशीनवर शिकता येत नाहीत. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारागीर घडवण्याचा भार मालकावर टाकला. सुपरवायझर घडवण्याची तशी सक्ती कुठेच नाही. म्हणून प्रत्येक नव्या सुपरवायझरला पहिले काही महिने एक जाणता वरिष्ठ नेमून द्यावा आणि त्या वरिष्ठाचे शिकवण्याचे तास कामातच धरावेत.

अनुभवच माणसाला शिकवतो, असे यावर म्हटले जाते. पण त्या अनुभवाची किंमत हाताखालचे कामगार मोजतात. जिनिंगमध्ये एका ठिणगीने गंजी पेटते. तिथे चुकत शिकायला सवड नसते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी कारखान्यांत नवखे कामगार लोटले, तेव्हा ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ या सरकारी उपक्रमाने सुपरवायझरांसाठी दहा-दहा तासांचे पाठ आखले: काम शिकवावे कसे, माणसे सांभाळावीत कशी, कामाची पद्धत सुधारावी कशी. प्रत्येकाने आपल्याच खात्यातली अडचण मांडून ती सोडवायची, ही त्यांची रीत. युद्धानंतर जपानी कारखान्यांनी, टोयोटानेही, ती उचलली.

अकोल्याचा डाळमिलवाला विचारेल, मूठभर माणसांच्या धंद्यात वेगळा मार्गदर्शक परवडतो कुठे? एकट्याला नाहीच परवडणार. पण एमआयडीसीतल्या चार-पाच मालकांनी मिळून एखादा निवृत्त फोरमन आठवड्यातून दोन दिवस बोलावला, तर वाट्याला येणारा खर्च थोडा असतो. शिकवलेला पोरगा पुण्याला निघून जातो, ही तक्रारही खरी आहे. मात्र तो जातो पगारासाठी. न शिकवल्याने तो थांबतो असे नाही. उलट न शिकलेला सुपरवायझर थांबला, तर त्याच्या जाचाला कंटाळून चांगले कामगार जातात. नांदगाव पेठच्या पार्कमध्ये कारखान्यांना सवलती देताना ही सोय अट म्हणून घातली, तर ती पहिल्या पाळीपासूनच लागू होईल. नंतर सुचलेले प्रशिक्षण उत्पादनाच्या घाईत कायम पुढे ढकलले जाते.