‘पैसा कोठून आणणार?’

राजकारणात एक प्रश्न केवळ कष्टकऱ्यांच्या मागण्यांसाठी राखून ठेवलेला असतो: पैसा कोठून आणणार? २०१८ साली अमेरिकेत अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ यांच्यावर हाच प्रश्न सोडण्यात आला. बारमध्ये नोकरी करून उपजीविका करणाऱ्या या २८ वर्षांच्या तरुणीने न्यू यॉर्कमधील ब्राँक्स व क्वीन्स या भागांतून अमेरिकन लोकप्रतिनिधीगृहाची उमेदवारी मागितली. बड्या कंपन्यांच्या निधीला तिने नकार दिला आणि २६ जून २०१८ च्या पक्षांतर्गत निवडणुकीत दहा वेळा निवडून आलेल्या जोसेफ क्राउली या डेमोक्रॅटिक पुढाऱ्याचा पराभव केला. नोव्हेंबरात ती निवडूनही आली.

तिचा कार्यक्रम स्पष्ट होता. सर्वांना सरकारी आरोग्यविमा, प्रत्येक इच्छुकाला रोजगाराची हमी, सार्वजनिक महाविद्यालयांत विनाशुल्क शिक्षण, घर हा मानवी हक्क, आणि स्थलांतरितांची धरपकड करणारे ‘आइस’ हे खाते बंद करणे. यात क्रांतिकारक असे फारसे नाही. रोजगार, घर, वैद्यकीय मदत व शिक्षण हे नागरिकांचे हक्क मानावेत, असे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी जानेवारी १९४४ मध्येच काँग्रेसला, म्हणजे तेथील संसदेला, सांगितले होते. तरीही प्रस्थापितांनी या कार्यक्रमाला स्वप्नरंजन ठरविले.

हा आक्षेप प्रामाणिक असता तर तो सर्वांना सारखाच लागू झाला असता. ऑक्टोबर २००८ मध्ये बुडत्या बँकांसाठी ७०० अब्ज डॉलरपर्यंतची तरतूद काही आठवड्यांत मंजूर झाली. डिसेंबर २०१७ मध्ये कंपन्यांवरील कराचा दर ३५ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आणला गेला. त्या करकपातीच्या कायद्यामुळे अकरा वर्षांत तुटीत सुमारे १९०० अब्ज डॉलरची भर पडेल, असा अंदाज काँग्रेसच्याच अर्थसंकल्प कार्यालयाने एप्रिल २०१८ मध्ये वर्तविला. तरीही त्या कायद्याच्या पुरस्कर्त्यांना कोणी स्वप्नाळू म्हटले नाही! श्रीमंतांना सोडलेला कर हाही सरकारी तिजोरीतून झालेला खर्चच होय. फक्त त्याला खर्च म्हणायचे नाही, असा संकेत आहे.

आरोग्याचेच उदाहरण घ्यावे. २०१८ साली अमेरिका आपल्या देशांतर्गत उत्पादनाचा सुमारे १७.७ टक्के भाग आरोग्यावर खर्च करीत होती, आणि तरीही पावणेतीन कोटी लोक विम्याविना होते. याचा अर्थ पैसा होताच. तो खाजगी विमा कंपन्यांच्या मार्गाने वाहत होता. कामगार दरमहा कंपनीला हप्ता भरतो तेव्हा त्याला बाजार म्हणतात. तोच पैसा कर म्हणून सरकारकडे गेला की त्याला जुलूम म्हणतात. वृद्धांसाठी १९६५ च्या कायद्याने आलेली ‘मेडिकेअर’ योजना सर्वांना लागू करा, एवढेच या उमेदवाराचे म्हणणे होते. रुग्णालये व औषध कारखाने राष्ट्राच्या मालकीचे करा, असेही ती म्हणत नव्हती. तेवढ्यावरून या मागणीला भांडवलशाहीची मलमपट्टी म्हणून हिणविणाऱ्या आपल्यातील मित्रांनी, आजारपणाच्या भीतीने नोकरीला जखडलेला कामगार संप कसा करील, याचे उत्तर द्यावे.

जानेवारी २०१९ मध्ये एक कोटी डॉलरच्या पुढील उत्पन्नावर ७० टक्के कर लावण्याची सूचना तिने केली, तेव्हा पुन्हा गहजब झाला. एक कोटीच्या आतील उत्पन्नाला त्या दराचा स्पर्शही होणार नव्हता, हे सोयीस्करपणे लपविण्यात आले. आयझेनहॉवर या रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षाच्या काळात सर्वोच्च दर ९१ टक्के होता, हेही विस्मरणात गेले.

मात्र टीकाकारांचे ढोंग दाखविले म्हणजे काम संपले, असे नव्हे. फेब्रुवारी २०१९ मध्ये सिनेटर मार्की यांच्यासह तिने मांडलेल्या ‘ग्रीन न्यू डील’ ठरावात हवामान-रक्षणाबरोबर रोजगाराची हमीही होती. पण निधी कोणाकडून व किती घ्यावयाचा, याचे कलम त्यात नव्हते. रिपब्लिकन नेतृत्वाने तसाच ठराव चर्चेविना सिनेटमध्ये मतास टाकला. २६ मार्चला ५७ मते विरोधी पडली आणि ४३ सदस्यांनी निषेध म्हणून नुसती हजेरी नोंदविली. बाजूने मत शून्य! डाव कपटी होता, यात शंका नाही. परंतु त्या डावाला उत्तर देणारे संघटित बळ संसदेत नव्हते, हेही तितकेच खरे.

येथे महाराष्ट्राचा अनुभव बोलका आहे. १९७२ च्या दुष्काळातून आकाराला आलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ च्या कायद्याने हक्काचे रूप मिळाले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अमलात आला. त्याआधीच, १९७५ साली, व्यवसाय कराचा कायदा झाला होता. शहरातील पगारदार व व्यावसायिक यांनी कर भरावा, सरकारने तेवढीच भर घालावी आणि खेड्यातील मजुराला काम मिळावे, अशी ती रचना होती. योजनेच्या अंमलबजावणीत दोष होते, मजुरी तुटपुंजी होती. पण पैसा कोठून, या प्रश्नाचे उत्तर कायद्यातच लिहिलेले होते. म्हणूनच ती हमी केवळ घोषणा राहिली नाही.

ब्राँक्समधील विजयापासून कार्यकर्त्यांनी घ्यावयाचा धडा हाच आहे. मागणी लहान करून प्रश्नकर्त्यांचे समाधान होत नसते. प्रत्येक मागणीसमोर ती कोणासाठी आहे हे जसे लिहावयाचे, तसेच तिची किंमत कोणत्या वर्गाने भरावयाची हेही निर्भयपणे लिहावे, आणि ती वसूल करण्याइतकी संघटना उभारावी. ‘पैसा कोठून आणणार?’ असे विचारणाऱ्याला तो कोठे साठला आहे, हे बोट ठेवून दाखविता आले पाहिजे.