विश्लेषण : शेतातले मीठ नदीत गेले, पुढे त्याचा हिशेब कोणाकडे?

सांगली-कोल्हापूर पट्ट्यात क्षारपड झालेल्या जमिनी सुधारण्यासाठी शेतात सच्छिद्र पाइप पुरून खारे पाणी बाहेर काढण्याची कामे काही वर्षांपासून सुरू आहेत. शिरोळ तालुक्यात तर शेतकऱ्यांनी एकत्र येऊन, कर्ज काढून ही कामे केली आणि पांढऱ्या पडलेल्या रानात पुन्हा ऊस उभा राहिला. पाइपातून निघालेले पाणी चरात, चरातून ओढ्यात आणि ओढ्यातून नदीत जाते. रानाचे भले झाले, यात शंका नाही. पण नदीच्या पाण्यात त्यामुळे किती मीठ वाढले, हे सांगणारा आकडा ना शेतकऱ्याच्या हाती आहे ना खालच्या गावाच्या. ऑस्ट्रेलियातील मरे नदीच्या खोऱ्यात १९८०च्या दशकात याच मुद्द्यावर राज्याराज्यांत वाद होता. मीठ मोजून आणि ते त्या-त्या राज्याच्या खात्यावर मांडून त्यांनी त्यातून वाट काढली.

नदीतले मीठ मोजतात कसे?

शुद्ध पाणी विजेचे वाहक म्हणून अगदीच कमकुवत असते. त्यात क्षार विरघळले की वीज सहज वाहू लागते. म्हणून पाण्याची विद्युत वाहकता, म्हणजे ईसी मोजली की क्षारांचा अंदाज येतो. एकक मायक्रोसिमेन्स प्रति सेंटिमीटर. ऑस्ट्रेलियात एवढे लांबलचक नाव कोणी घेत नाही. तिथे नुसते ‘८०० ईसी’ म्हणतात. पावसाच्या पाण्याची ईसी काही दहांत असते, समुद्राची ५० हजारांच्या आसपास. ईसीला साधारण ०.६४ने गुणले की लिटरमागे किती मिलिग्रॅम क्षार आहेत, ते ढोबळमानाने कळते. माती परीक्षणाच्या अहवालात ‘डेसिसिमेन्स प्रति मीटर’ असते. त्यातला १ म्हणजे इथले १,०००.

मीटर हातात मावणारा असतो. तरी दोन गोष्टींत चूक होते. पाणी तापले की वाहकता अंशामागे सुमारे दोन टक्के वाढते, म्हणून प्रत्येक नोंद २५ अंश सेल्सिअसवर आणून लिहावी लागते. दुपारी तापलेल्या ओढ्याची कच्ची नोंद सकाळच्या नोंदीशेजारी ठेवली तर नसलेली क्षारवाढ दिसते. दुसरे म्हणजे प्रमाणीकरण. पोटॅशियम क्लोराइडचे १,४१३ ईसीचे प्रमाणित द्रावण मिळते. मीटर त्यात बुडवून तेवढाच आकडा येतो का, हे पाहायचे असते. नदीत कायमचा बसवलेला संवेदक असेल तर त्यावर शेवाळ धरते, तो पुसायला माणूस लागतो. मोजणीचे प्रकल्प यंत्रे विकत घेताना नव्हे, तर हा पुसणारा माणूस ठेवताना गळपटतात.

नुसता आकडा का पुरत नाही?

कारण नदीत किती मीठ आहे आणि नदी किती मीठ वाहून नेत आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. समजा, एका ओढ्यातून सेकंदाला फक्त १० लिटर पाणी वाहते आणि त्याची ईसी ४,००० आहे. दिवसाला ८ लाख ६४ हजार लिटर पाणी, लिटरमागे सुमारे २,५६० मिलिग्रॅम क्षार. म्हणजे हा सहज ओलांडता येणारा ओढा रोज २.२ टन मीठ नदीत टाकतो. आता पावसाळ्यातली भरलेली नदी घ्या. ईसी फक्त २००, पाणी गोड. पण प्रवाह सेकंदाला १,००० घनमीटर असेल तर तीच नदी दिवसाला ११ हजार टनांहून अधिक क्षार घेऊन जाते.

पिकाला आणि पिणाऱ्याला त्रास होतो तो तीव्रतेचा, म्हणजे एप्रिल-मेमधल्या बंधाऱ्याच्या पाण्याचा. पण हे मीठ कुठून आले, हे ठरवायचे तर टन मोजावे लागतात आणि टनांसाठी प्रवाह लागतो. प्रवाहाशिवायची ईसी म्हणजे दर माहीत असून वजन न केलेला माल.

ओढ्यावरून वरच्या रानाबद्दल काय कळते?

हे सर्वांत आधी लक्षात आलेल्यांत पश्चिम ऑस्ट्रेलियातील डब्ल्यू. ई. वुड हे रेल्वेचे अभियंते होते. झाडे तोडल्यानंतर काही वर्षांनी त्या भागातले ओढे खारे होतात, हे त्यांनी १९२४ साली शोधनिबंधातून मांडले. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्या-पावसाबरोबर हजारो वर्षे थोडेथोडे मीठ तिथल्या जमिनीत साठले होते. निलगिरी वर्गातली खोल मुळांची झाडे बहुतेक पाऊस पिऊन टाकत, त्यामुळे मीठ खालीच राहत असे. झाडे जाऊन गहू आला. गव्हाची मुळे उथळ आणि पीक काही महिन्यांचेच. उरलेले पाणी खाली मुरले, भूजल वर चढले आणि चढताना मीठ घेऊन आले.

वुड यांचे म्हणणे धोरणात उतरायला अर्धे शतक लागले. कॉली नदीवरच्या वेलिंग्टन धरणाच्या पाणलोटात झाडतोडीवर कायद्याने नियंत्रण आले ते १९७६ साली. तोवर बरेच रान मोकळे झाले होते आणि धरणाचे पाणी पुढे पिण्यायोग्य राहिले नाही. भूजल सावकाश सरकते. आजची क्षारता कित्येकदा वीस-तीस वर्षांपूर्वीच्या निर्णयाची असते, म्हणून वर्ष-दोन वर्षांच्या नोंदींवरून निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते.

मरे नदीत नेमके काय केले?

मरे ही सुमारे २,५०० किलोमीटर लांबीची नदी. वरच्या अंगाला न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरिया, तर शेपटाकडे साउथ ऑस्ट्रेलिया. अ‍ॅडलेड शहर बऱ्याच अंशी याच नदीचे पाणी पिते, कोरड्या वर्षांत तर विशेष. वरच्या राज्यांतल्या बागायतदारांच्या जमिनी चिबडत होत्या, त्यांना निचरा हवा होता. खालच्या राज्याचे म्हणणे असे की, तुमचा निचरा म्हणजे आमच्या नळातले मीठ. शिरोळच्या शेतकऱ्याला आणि राजापूर बंधाऱ्याखालच्या गावकऱ्याला हे संभाषण परके वाटणार नाही.

१९८८ साली करार झाला. साउथ ऑस्ट्रेलियातील मॉर्गन हे गाव मोजणीचे ठिकाण ठरले. तिथली क्षारता ९५ टक्के काळ ८०० ईसीच्या खाली ठेवायची, असे उद्दिष्ट ठरले. ८०० ईसी म्हणजे लिटरला सुमारे ५०० मिलिग्रॅम क्षार; भारतीय मानक ब्युरोनेही पिण्याच्या पाण्यासाठी ‘स्वीकारार्ह’ म्हणून तीच ५०० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे.

खरी गंमत पुढे आहे. १ जानेवारी १९८८ ही या तीन राज्यांसाठी आधाररेषा मानली आणि त्यानंतरच्या प्रत्येक मोठ्या कामाचा मॉर्गनवर होणारा परिणाम जमा-नावे लिहायला सुरुवात झाली. नवी निचरा योजना काढली, तर त्या राज्याच्या खात्यावर नावे. खारे भूजल नदीत शिरण्याआधीच उपसणारी योजना उभारली, तर जमा. तीस वर्षांच्या आत मॉर्गनच्या सरासरी क्षारतेत ०.१ ईसीचा फरक पडेल असा अंदाज असला तरी त्या कामाची नोंद करावी लागते. ८००च्या पट्टीवर ०.१! एवढा फरक कोणत्याही मीटरला दिसत नाही. तो प्रारूपावरून काढतात आणि प्रारूप विश्वासार्ह ठेवण्यासाठी अखंड नोंदी लागतात. १९८८पूर्वीच्या चुकांचे मीठ आता नदीत पोहोचत असेल, तर त्यासाठी वेगळी वही आहे. त्यामुळे आजोबांच्या झाडतोडीचा दोष नातवाच्या निचऱ्यावर जात नाही.

या व्यवहाराचे फलित म्हणजे वरच्या राज्यांना निचऱ्याची मुभा मिळाली, पण फुकट नाही. खारे भूजल अडवणाऱ्या योजनांचा खर्च सगळ्यांनी उचलला. नदीकाठच्या विहिरींतून हे भूजल उपसून दूरच्या बाष्पीभवन तलावांत सोडतात. अशा प्रकारे वर्षाला सुमारे ५ लाख टन मीठ नदीबाहेर राहते. विहिरी कुठे खोदायच्या हेही मोजणीनेच ठरले. होडीतून काही दिवस लागोपाठ जाऊन दर किलोमीटरला ईसी घ्यायची आणि कोणत्या टप्प्यात मीठ एकदम वाढते ते पाहायचे. वुलपुंडा, वायकेरी ही नावे अशा योजनांच्या यादीत आहेत.

मग तिथे सगळे सुरळीत झाले का?

नाही. मॉर्गनचे उद्दिष्ट अलीकडे सांभाळले गेले आहे, पण मुखातून वर्षाला किमान २० लाख टन मीठ समुद्रात जावे, हा २०१२च्या खोरे आराखड्यातला निकष बहुतेक वर्षी गाठता आलेला नाही. कारण साधे आहे. मीठ बाहेर टाकायला नदी वाहावी लागते आणि पाणी आधीच वाटून संपलेले असते. खोऱ्यात राहिलेले मीठ कुठेतरी साठतेच. पंपांचे वीजबिलही येते. त्यावर अलीकडचा उपाय असा की, नदीला भरपूर पाणी असेल आणि अंदाज चांगले असतील, तेव्हा काही पंप बंद ठेवायचे. नोंदी भरवशाच्या नसत्या तर ही हिंमत कोणी केली नसती.

कृष्णा खोऱ्यात काय मोजले जाते?

पाणी मोजले जाते, त्यावरून भांडणही होते. बच्छावत लवादाने महाराष्ट्राला ५६० टीएमसी पाणी दिले आणि सिंचनातून नदीत परत येणाऱ्या पाण्यापोटी आणखी २५ टीएमसी धरले. हे परत येणारे पाणीच जमिनीतले क्षार धुऊन आणते. लवादाच्या वाटपात त्याचे घनफळ आले. त्यातल्या मिठाला खाते नाही.

नदीच्या पाण्याची गुणवत्ता तपासली जाते, त्यात वाहकताही नोंदवली जाते. पण निर्णय ज्या आकड्यांवर होतात, त्यांत तिला जागा नाही. देशातले ‘प्रदूषित नदीपट्टे’ ठरतात बीओडीवर, म्हणजे सेंद्रिय घाणीवर. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचा जल गुणवत्ता निर्देशांक पीएच, विरघळलेला प्राणवायू, बीओडी आणि विष्ठेतले जिवाणू या चार गोष्टींवर बेतलेला आहे. सांडपाण्याच्या दृष्टीने ते योग्यच. मात्र एखादी नदी वर्षानुवर्षे खारट होत गेली, तरी या निर्देशांकात ती ‘चांगली’ दिसू शकते. सिंचनाच्या पाण्यासाठी केंद्रीय मंडळाची २,२५० ईसीची मर्यादा आहे, पण ती ओलांडली जाण्याची वाट पाहणे म्हणजे मॉर्गनच्या जवळपास तिप्पट आकड्यावर जागे होणे.

आकडा वाढला म्हणजे दोष शेतकऱ्याचाच, असेही नाही. पंचगंगेत कोल्हापूर-इचलकरंजीचे सांडपाणी येते, तेही वाहकता वाढवते. तिकडे अकोला-अमरावती-बुलडाण्यातल्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात भूजल मुळातच खारे आहे. शिवाय ईसी क्षार किती ते सांगते, कोणते ते नाही. सोडियम वाढून जमीन चोपण होण्याचा धोका पाहायचा तर प्रयोगशाळेत वेगळी तपासणी लागते. म्हणूनच मुख्य नदीवरची एकच नोंद वादाला पुरते, निवाड्याला नाही.

मोजायचे तर कुठे आणि कधी?

ओढ्याच्या तोंडाशी. नदीला मिळण्याआधी ओढ्यात, तसेच संगमाच्या वर आणि खाली नदीत अशा तीन ईसी आणि ओढ्याचा प्रवाह एवढ्यावर त्या ओढ्याचा वाटा निघतो. छोट्या ओढ्यावर प्रवाहासाठी व्ही आकाराचा खाचबांध पुरतो. पाण्याची उंची वाचली की प्रवाह मिळतो. पावसाच्या पहिल्या सरींत रानावर फुटलेले मीठ एकदम धुऊन येते आणि मग पाणी पातळ होते, त्यामुळे महिन्यातून एकदा घेतलेला नमुना हे नेमके दिवस चुकवण्याची शक्यता जास्त. मार्च ते जूनअखेर आठवड्याची नोंद आणि पहिल्या पावसात रोजची, असे वेळापत्रक नियमित मासिक नमुन्यापेक्षा अधिक सांगून जाईल.

माणसे आणि यंत्रे नव्याने शोधावी लागणार नाहीत. व्हिक्टोरिया राज्यात १९८०च्या दशकाच्या अखेरीस ‘सॉल्टवॉच’ उपक्रमात शाळकरी मुलांनीच ओढ्यांची क्षारता मोजली होती. इकडे माती परीक्षणाच्या प्रत्येक प्रयोगशाळेत ईसी मीटर असतोच आणि उसाच्या पट्ट्यात अनेक साखर कारखान्यांच्या स्वतःच्या प्रयोगशाळा आहेत. सच्छिद्र पाइपच्या कामांना अनुदान किंवा कर्ज मंजूर करताना निचऱ्याच्या तोंडाशी मोजणी करण्याची आणि नोंदी उघड ठेवण्याची अट घालता येईल. मात्र ही अट काम सुरू होण्याआधीच्या किमान एका उन्हाळ्यापासून लागू व्हायला हवी. मरे खोऱ्याला १ जानेवारी १९८८ ही आधाररेषा धरता आली, ती त्याआधीच्या नोंदी हाताशी होत्या म्हणून. शिरोळ-वाळव्यात दरवर्षी नवी शिवारे पाइपखाली येत आहेत आणि त्या ओढ्यांची आधीची ईसी नंतर मोजता येणार नाही.