कॅमेऱ्याला पैसा, डोळ्याला काटकसर

कापडाच्या धंद्यात पूर्वी गिऱ्हाईक गादीवर येऊन बसत असे, थान उलगडून कापड बोटांत चोळून बघत असे आणि मग भावाची गोष्ट निघे. आता बाहेरगावचा व्यापारी आधी फोटो मागतो. फोटो पसंत पडला तर नमुना, नाहीतर खुदा हाफिज. म्हणून भिवंडीत आमच्यासारख्या मध्यम पेढीलाही फोटो काढणारा माणूस ठेवावा लागतो. आमच्याकडे हे काम भाचा करतो. लग्नाच्या हंगामात बाहेरची कामेही घेतो.

त्याला लहानपणापासून चष्मा आहे. गेल्या वर्षी त्याने कॉन्टॅक्ट लेन्सचा हट्ट धरला. आम्हाला वाटले, जवान मुलगा, शौक असेल. मग त्याने चष्मा काढून आमच्या हातात दिला. चार वर्षांचा जुना, कॅमेऱ्यावर घासून घासून काचेला ओरखडे पडलेले. त्याच मुलाच्या हातात आम्ही पन्नास हजारांचा कॅमेरा दिला होता. आम्हाला शरम वाटली.

त्याची अडचण खरी होती. व्ह्यूफाइंडरमधून पूर्ण चौकट दिसायला डोळा ठरावीक अंतराच्या आत असावा लागतो. मध्ये चष्मा आला की डोळा मागे राहतो आणि कोपरे कापले जातात. पदराची किनार कोपऱ्यात असेल तर फोटो काढणाऱ्यालाच ती दिसत नाही. तक्रार जुनी आहे. निकॉनने १९८२ साली एफ-३ कॅमेऱ्याचा एचपी प्रकार काढला, त्यात डोळा २५ मिलिमीटर मागे असला तरी पूर्ण चौकट दिसत असे. बऱ्याच कॅमेऱ्यांना नंबर जुळवायचे लहान चाक असते, पण आमच्या कॅमेऱ्यात ते उणे ३ पर्यंतच जाते आणि भाच्याचा नंबर उणे साडेचार. शिवाय सिलिंडरचा नंबर त्या चाकाने जात नाही. आणि नंबर जुळला तरी कॅमेरा खाली घेतला की समोरचा नवरदेव धूसर. दिवसभर चष्मा काढा, घाला.

लेन्सने हे सारे मिटते. लग्नाच्या मांडवात लेन्सच बरी, हे आम्ही कबूल करतो.

पण आमचे निम्मे काम मागांच्या शेडमध्ये असते. तिथे हवेत रुई उडते, अंगावर बसते, डोळ्यांत जाते. व्ह्यूफाइंडरला डोळा लावून बसलेला माणूस पापणीही कमी मिटतो, त्यामुळे लेन्स सुकते आणि टोचते. एकदा भाच्याने टोचणारी लेन्स काढून गोदामातल्या नळाखाली धुतली आणि परत लावली. दुसऱ्या दिवशी डोळा लाल झाला. डॉक्टरांनी तीन आठवडे लेन्स बंद केल्या आणि आम्हाला, भाच्याला नव्हे, आम्हाला सुनावले की नळाच्या पाण्यातल्या जंतूंनी नजर जाऊ शकते. ऐन हंगामातली दोन लग्ने हातची गेली. नजर वाचली, त्यापुढे तो हिशेब काहीच नाही. लेन्स त्याने चष्म्याच्या नंबरावरून स्वस्तात मागवल्या होत्या. डोळ्याचा गोलावा मोजून घ्यावा लागतो, हे आम्हालाही तेव्हाच कळले.

आमच्या वयाच्या लोकांची गोष्ट निराळी. लांबचा नंबर लेन्सने गेला तरी कॅमेऱ्याच्या पाठीवरचे बारीक आकडे वाचायला जवळचा चष्मा लागतोच. मग दोन्हींचा खर्च कशाला?

चष्म्यातही एक फसगत आहे आणि ती आम्ही स्वतः केली आहे. मोबाइलच्या उजेडापासून बचाव म्हणून आम्ही पिवळसर झाक असलेली काच घेतली. तोच चष्मा घालून पडद्यावर फोटोंचे रंग पास केले. आमचा मोतिया रंग गिऱ्हाइकाच्या पडद्यावर पांढराशुभ्र दिसला. माल पोहोचला आणि अर्धी गाठोडी परत आली. रंगाचे काम करणाऱ्याने साधी, बिनरंगी काच घ्यावी, उन्हात काळी होणारीही नको.

आमच्या पेढीवर आता असा कायदा आहे: मागांच्या शेडमध्ये चष्मा, लग्नाला एकदाच वापरून टाकायच्या लेन्स, त्याही डोळे तपासून. दोन्हींचा खर्च पेढीच्या वहीत पडतो, पोराच्या पगारातून नाही. बाजारातले काही दोस्त हसतात. त्यांनी आपल्या फोटोवाल्याचा चष्मा एकदा हातात घेऊन बघावा.

परवा नवा कॅमेरा बघायला गेलो, तेव्हा मेगापिक्सेल विचारायच्या आधी आम्ही विचारले, चष्मा घालून पूर्ण चौकट दिसते का? दुकानदाराने कॅमेरा डोळ्याला लावला, मग आमचा चष्मा मागून घेतला आणि पुन्हा लावून बघितले.