परवाना नको, पण शिस्त हवी

पनवेल परिसरात वायरलेस लिंक अडतात त्या केवळ सरकारी निर्बंधांमुळे, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत पटत नाही. ऑक्टोबर २०१८च्या अधिसूचनेने ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात ६०५ मेगाहर्ट्‌झ परवानामुक्त झाले. अटी उरल्या त्या मुख्यतः शक्तिमर्यादेच्या आणि दुसऱ्याला व्यत्यय न आणण्याच्या. खरी अडचण हावरेपणाची आहे. जो तो ८० मेगाहर्ट्‌झचा रुंद चॅनेल अडवून बसतो! २०चा घेतला तर वेग घटतो खरा, पण ग्राहकयंत्रात शिरणारा गोंगाट चौथाईवर येतो आणि शेजाऱ्यालाही जागा उरते. शिवाय दहा किलोमीटरच्या लिंकला मध्यावर दृष्टिरेषेभोवती सुमारे ११ मीटर त्रिज्येची मोकळी जागा लागते. तिथे नवा टॉवर उभा राहिला तर नियम काय करणार? व्यत्ययापासून संरक्षण हवे असेल त्यांनी रीतसर अर्ज करून परवान्याची फ्रीक्वेन्सी घ्यावी.

— एक वाचक, पनवेल