पाठीतले इंजेक्शन आणि खाली आलेली पापणी

बाळंतपणाच्या कळा बाईने सोसल्याच पाहिजेत, असे म्हणणाऱ्यांशी आमचे पटत नाही. दुःखाला कारण असते आणि ते दूर करता येते, ही तथागतांची शिकवण आहे. म्हणून कळा कमी करणाऱ्या एपिड्युरल इंजेक्शनला आमचा विरोध नाही. मात्र कागदावर सही किंवा अंगठा घेण्याआधी त्याने काय होऊ शकते, हे बाईला तिच्या भाषेत सांगितलेच पाहिजे.

एपिड्युरलमध्ये कंबरेच्या मणक्यांमधून सुई घालून मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर बारीक नळी ठेवतात. तिच्यातून भुलीचे औषध थोडे थोडे सोडतात. बाई शुद्धीवर राहते, दुखणे कमी होते. पाय जड होणे, अंगाला खाज येणे, बीपी उतरणे हे त्रास नेहमीचे आहेत.

पण क्वचित औषध वर चढते. छातीच्या वरच्या भागातून डोळ्याकडे जाणाऱ्या नसा त्याने बधिर झाल्या, तर एका बाजूची पापणी खाली येते आणि बाहुली बारीक होते. याला हॉर्नर सिंड्रोम म्हणतात. घरच्यांना वाटते, लकवा मारला. कुणी मीठ-मिरच्या घेऊन नजर काढायला धावते. औषध उतरले की बहुतेक वेळा काही तासांत डोळा पूर्ववत होतो. तरीही डॉक्टरांना लगेच सांगावे, कारण औषध किती वर गेले याची ती खूण असते. हातातली ताकद गेली, बोलता येईना किंवा श्वास लागला, तर क्षणभरही थांबू नये.

दुसरा त्रास डोकेदुखीचा. सुईने आवरणाला छिद्र पडले तर आतले पाणी झिरपते. मग एक-दोन दिवसांत, उठून बसले की वाढणारे आणि आडवे झाले की कमी होणारे डोके दुखू लागते. सिझेरियनच्या वेळी पाठीत देतात त्या स्पायनल इंजेक्शननेही असे होऊ शकते. आपल्या वस्त्यांत याला 'वारा लागला' म्हणतात आणि बाळंतिणीला फडके बांधून निजवतात. यावर दवाखान्यात उपचार आहे. तिथे न्यावे.

भीती किती बाळगावी? ब्रिटनमधील प्रसूती-भूलतज्ज्ञांच्या संघटनेच्या माहितीपत्रात एपिड्युरलनंतर अशी तीव्र डोकेदुखी सुमारे १०० मातांत एकीला, सहा महिन्यांहून जास्त टिकणारी नसेची इजा १३,००० त एकीला आणि लुळेपणा अडीच लाखांत एकीला, असे दिले आहे. बाळंतपणानंतर पाऊल उचलत नसेल तर दोष सुईचाच असतो असेही नाही. बाळाच्या डोक्याचा नसेवर पडलेला दाब हे पुष्कळदा कारण असते. वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीचे खापरही या इंजेक्शनवर फोडू नये.

मात्र घरी आल्यावर ताप येऊन पाठ ठणकू लागली, पायांतली ताकद कमी होत गेली किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जावे.

२८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या विश्रांतीचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, असे त्यांनी मांडले. बाळंतपण ही एकट्या बाईने निस्तरायची गोष्ट नाही, हा त्याचा अर्थ. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातले बाळंतपण आणि औषधे मोफत आहेत. आता कळा कमी करण्याची सोय आणि ती देताना शेजारी लक्ष ठेवणारा भूलतज्ज्ञ, हेही गरिबाच्या बाईला मिळाले पाहिजे.

सातपूर असो, फुलेनगर असो की नाशिकरोड, आमची मागणी साधी आहे. इंजेक्शनची माहिती मराठीत, वाचून दाखवून, नवव्या महिन्याच्या तपासणीतच द्या. कळांनी विव्हळणाऱ्या बाईपुढे कागद धरून घेतलेला अंगठा, ही संमती नव्हे. आणि घरातल्या सासवांनो, नवऱ्यांनो, तुम्हीही त्या तपासणीला सोबत जा. प्रश्न विचारा. उत्तर समजेपर्यंत विचारा.

जय भीम.