पळणारी गाडी आणि मागे राहिलेले गाव

पुणे-सोलापूर महामार्गावरच्या गुन्ह्यांच्या बातम्या वाचणाऱ्यांना ‘सिनेस्टाईल पाठलाग’ चांगलाच परिचयाचा आहे. भिगवणच्या आसपास किंवा इंदापूरच्या अलीकडे नाकाबंदी लागलेली असते. हवालदार बॅटरी दाखवून गाडी बाजूला घ्यायला सांगतो. चालक वेग कमी केल्यासारखे करतो आणि बॅरिकेडला घासून सुसाट निघून जातो. मग पोलिसांची गाडी मागे लागते. बातमी संपते ती मुद्देमालाच्या किमतीवर. दोन्ही गाड्या वाटेत कोणत्या गावांतून, किती वेगाने गेल्या, रस्त्याच्या कडेला कोण होते, हे त्या बातमीत क्वचितच सापडते.

या रस्त्यांवर कोण असते ते बारामती-इंदापूरच्या माणसाला सांगावे लागत नाही. गाळप हंगामात माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी या कारखान्यांच्या वाटेवर रात्रभर ऊस चालतो. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलाने माखलेला. शेजारून बैलगाड्यांची रांग, आणि गाडीत उसावरच झोपलेले तोडणी कामगाराचे पोर. आषाढवारीत तुकोबांची पालखी याच बाजूने बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर करत सराटीला जाते. अशा रस्त्यावर ताशी शंभर-सव्वाशेच्या वेगाने दोन गाड्या एकमेकींमागे सुटल्या, की धोका पळणाऱ्यापुरता राहत नाही.

पळणाऱ्याला पकडण्याची या मुलखाची जुनी रीत वेगळी होती. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये जिंकलेल्या प्रदेशाचा अहवाल लिहिला. त्यात गावच्या रखवालदाराचे काम नोंदले आहे. चोरी झाली की तो पावलांचा माग काढत निघे. माग शिवेपलीकडे गेला, की पुढच्या गावच्या रखवालदाराला तो दाखवून द्यायचा. त्याची खात्री पटली की पहिल्याची जबाबदारी संपली, दुसऱ्याची सुरू झाली. असे करत माग ज्या गावात शेवटी दाखल झालेला दिसे, त्या गावाने चोरीच्या मालाची जबाबदारी घ्यायची. पुण्याच्या बाजूला हे काम मुख्यतः रामोशांकडे होते.

हा भीमथडीच्या घोड्यांचा मुलूख. मराठ्यांच्या फौजेला ज्यांनी चपळपणा दिला ती तट्टे इथल्याच नदीकाठची. म्हणजे वेग या मातीत कमी नव्हता. तरीही चोर पकडायचा तर भरवसा घोड्याच्या टापांवर नव्हता, तो शिवेवर उभ्या असलेल्या पुढच्या माणसावर होता. या रीतीत अन्यायही होता, तो लपवण्याचे कारण नाही. माग हरवला तर भुर्दंड गरीब गावावर पडे. आणि ज्यांच्या नजरेवर ही सारी व्यवस्था चालली, त्याच रामोशांकडे इंग्रजी अमलाने पुढे संशयाने पाहिले. पण एक गोष्ट त्या व्यवस्थेला नेमकी कळली होती. पळणाऱ्याच्या मागे धावण्यापेक्षा त्याच्या पुढे कोणीतरी असणे महत्त्वाचे.

इंग्रजांनाही याचा प्रत्यय आला. १८७९ साली वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडामागे मेजर डॅनियल लागला. पुणे जिल्ह्याच्या डोंगरांतून निघालेला हा पाठलाग थेट निजामाच्या हद्दीपर्यंत पोहोचला. फडके हाती लागले ते जुलैमध्ये, कलादगी जिल्ह्यातल्या देवर नावडगीला, तापाने फणफणलेले आणि थकून झोपलेले असताना. तिथवर डॅनियल पोहोचला तो इनामाच्या घोषणेमुळे, खबऱ्यांमुळे आणि निजामाच्या पोलीस खात्यातल्या अब्दुल हकच्या साथीमुळे. दोन राज्यांच्या पोलिसांनी माग एकमेकांच्या हाती दिला. फडक्यांना पकडले गेल्याचे दुःख महाराष्ट्राला आजही आहे. पण त्यांना पकडले कसे, हे पोलिसांनी तरी विसरू नये.

मोटार आली आणि हे सारे बदलले. १९१४, १९३९ आणि १९८८ अशा तीन मोटार वाहन कायद्यांनी गाडीला नंबर दिला, चालकाला परवाना दिला, आणि पोलिसाने सांगितल्यावर थांबण्याचे बंधन घातले. मात्र रस्त्यावर उभ्या असलेल्या हवालदाराच्या हातात काठी, शिट्टी आणि बॅटरीच राहिली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीत तुकाराम ओंबळे यांच्याकडेही तेवढेच होते. साताऱ्याच्या केडंब्याचा हा माजी सैनिक. कसाबच्या रायफलची नळी त्याने दोन्ही हातांनी धरून ठेवली, अंगावर गोळ्या झेलल्या, आणि म्हणून तो अतिरेकी जिवंत सापडला. त्या रात्री पळणाऱ्याला सोडून देणे शक्यच नव्हते. पण तशी रात्र विरळा. इतर रात्री नाक्यावरून पळतो तो वाळूचा डंपर, गुटख्याचा टेम्पो, नाहीतर परवाना नसलेले, दारू प्यालेले, घाबरलेले पोरगे.

वाळूचेच घ्या. उजनीच्या पाण्यात आणि भीमेच्या पात्रात बेकायदा उपसा करणाऱ्या बोटी महसूल खात्याने जिलेटीनने उडवल्या, बुडवल्या, जाळल्या. तरी नव्या येतात. तहसीलदारांची गाडी कार्यालयातून निघाली, की नदीकाठी मोबाईल वाजतो. २४ मे २०२४ रोजी इंदापुरात भर शहरात तहसीलदारांच्या सरकारी गाडीवर हल्ला झाला. मिरचीपूड टाकली, काचा फोडल्या. हल्ल्याचे कारण काहीही असो, सरकारी गाडीचा धाक किती उरला आहे हे त्या दिवशी दिसले. अशा वातावरणात डंपर नाक्यावरून पळाला तर पोलिसाचे रक्त तापणे आम्ही समजू शकतो. पण त्या डंपरच्या स्टिअरिंगवर कोण असतो? खेपेवर पैसे घेणारा चालक. मालक घरी झोपलेला असतो. पाठलाग यशस्वी झाला तर चालक सापडतो, फसला तर एखादा दुचाकीस्वार जातो. दोन्ही वेळी मालकाची झोप मोडत नाही. त्याची झोप मोडायची तर वाट जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ मध्ये आहे. वाहन आणि यंत्रे जप्त करायची, बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड लावायचा, आणि ती वसुली मालकाच्या दारात जाऊन करायची. हे काम दिवसाउजेडी, कागदपत्रे हातात घेऊन होते. त्याला सायरन लागत नाही.

अमेरिकेतला एक खटला इथे आठवतो. मार्च २००१ मध्ये जॉर्जिया राज्यात १९ वर्षांचा एक मुलगा ताशी ५५ मैलांच्या रस्त्यावर ७३ मैलांनी चालला होता. पोलिसांनी दिवे दाखवले, तो थांबला नाही. सहा मिनिटे, जवळपास दहा मैल पाठलाग चालला. शेवटी एका अधिकाऱ्याने मागून बंपरला धडक दिली. गाडी रस्त्याखाली गेली आणि मुलगा मानेपासून खाली कायमचा लुळा झाला. धडक देणारा अधिकारी बिनतारी संदेश ऐकून मध्येच सामील झाला होता. मुलाचा मूळ गुन्हा निव्वळ वेगाचा आहे, हे त्याला ठाऊकच नव्हते. २००७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी पोलिसांची बाजू घेतली. न्यायमूर्ती स्टीव्हन्स एकटे वेगळे बोलले. पोलिसांकडे गाडीचा नंबर होता, दुसऱ्या दिवशी घरी जाऊन पकडता आले असते, असे त्यांचे म्हणणे. आम्हाला ते पटते.

बहुमताचा आक्षेपही हलका नाही. पोलीस पाठलाग सोडतात हे एकदा कळले, की जो तो पळेल. त्यात आपल्याकडे नंबरप्लेटवर चिखल फासलेला असतो, किंवा प्लेटच खोटी असते. पण पळालेली गाडी कुठेतरी डिझेल भरते, कुठेतरी टोल देते. पाटस आणि सरडेवाडीचे टोलनाके याच मार्गावर आहेत. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा आहे. ११२ वर फोन केला की नियंत्रण कक्ष उचलतो, गावागावांत पोलीस पाटील आहे. शिवेवर उभा असलेला पुढचा माणूस आज पुन्हा मिळाला आहे, त्याच्या हाती माग वेळेवर द्यायला हवा. ऑगस्ट २०२२ मध्ये इंदापूर तालुक्यात वरकुट्याजवळ दरोडेखोरांनीच एका मोटारीचा पाठलाग केला, गोळ्या झाडल्या आणि ३ कोटी ६० लाख रुपये लुटले. त्या प्रकरणातले संशयित पुढे सापडले ते तपासातून, चिकाटीने.

आणखी एक. पळाला म्हणजे गुन्हेगार, हे समीकरण पोलिसांच्या मनात फार घट्ट आहे. केवळ पळून जाणे हा गुन्ह्याचा पुरावा नाही, असे आपली न्यायालये पुन्हा पुन्हा सांगत आली आहेत. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांना जन्मतःच संशयित ठरवले, त्यांची मुक्तता ३१ ऑगस्ट १९५२ ला झाली. पण खाकी दिसली की पारध्याचा मुलगा आजही आधी पळतो आणि मग विचार करतो. त्याच्या मोटारसायकलमागे जीप घालताना हा इतिहास ध्यानात असला पाहिजे.

म्हणून गृहखात्याकडे आमची मागणी साधी आहे. पाठलागाचे नियम लेखी असावेत आणि लोकांना वाचायला मिळावेत. अपहरण झालेले मूल गाडीत असेल, हत्यारबंद माणूस असेल, कोणाचा जीव जाण्याची भीती असेल, तर पाठलाग जरूर व्हावा, पूर्ण बळाने व्हावा. बाकी वेळी नंबर, रंग, दिशा पुढच्या ठाण्याला कळवावी आणि गाडी मागे घ्यावी. पाठलाग थांबवण्याचा हुकूम गाडीतल्या तापलेल्या अधिकाऱ्यावर सोडू नये. तो नियंत्रण कक्षातल्या वरिष्ठाने द्यावा आणि स्टेशन डायरीत वेळेसह नोंदवावा. पाठलाग सोडणाऱ्या हवालदाराला दुसऱ्या दिवशी कोणी भित्रा म्हणणार नाही, याची हमी त्याच्या ठाणे अंमलदाराने द्यावी. कारखान्यांचे बॉयलर पेटण्याआधी, दिवाळीच्या अलीकडे, हे बारामती आणि इंदापूरच्या प्रत्येक ठाण्यात हजेरीच्या वेळी वाचून दाखवले जावे.