मोबाइलवर ८ डेसिबल कमी दिसले, म्हणजे गाडी खरंच शांत झाली का?

५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाला. कारसाठी वेगमर्यादा १२०, रस्ता काँक्रीटचा. छोटी हॅचबॅक घेऊन या रस्त्यावर गेलात, तर शंभरच्या पुढे काय होतं ते तुम्हाला माहीत असेल. मागच्या सीटवरच्या माणसाशी जवळपास ओरडूनच बोलावं लागतं. इलेक्ट्रिक गाडीत तर आणखी गंमत होते. इंजिनाचा आवाज नसतो, त्यामुळे त्याच्याखाली झाकला जाणारा टायरचा आणि वाऱ्याचा आवाज उघडा पडतो.

म्हणूनच सध्या ‘डॅम्पिंग’च्या रील्स जोरात आहेत. दाराचं पॅड काढलेलं, आत चंदेरी शीट चिकटवलेली, आणि शेवटी मोबाइलवर डेसिबलचं ॲप. आधी इतके, नंतर इतके. खाली कमेंट्समध्ये एकच प्रश्न, “भाऊ, किती खर्च आला?”

मीही अशीच एक रील बघून चारही दारं करून घेतली. दुकानात ॲपवर आधी ७४ दिसले, नंतर ६६. खूश होऊन घरी आलो आणि रात्री डोक्यात प्रकाश पडला. पहिल्या वेळी एसीचा ब्लोअर तीनवर होता, दुसऱ्या वेळी बंद! दुकानदाराने मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही, कारण लक्ष माझंही नव्हतं. पण त्या ८ डेसिबलला काही अर्थ उरला नाही. डिकी आणि मागच्या चाकांवरचा भाग करायचा बाकी होता. त्या वेळी मात्र मी नीट मोजलं. तोच फोन, तोच रस्ता, वेग ८०, काचा बंद, एसी बंद. फरक आला साधारण २.

८ आणि २ मध्ये एवढं काय?

डेसिबलचं गणित सरळ वजाबाकीचं नसतं. ३ डेसिबल कमी म्हणजे ध्वनीची शक्ती निम्मी. ८ कमी म्हणजे ती सहापटीने घटली. आपल्या कानाला आवाज ‘निम्मा झाला’ असं वाटायला मात्र साधारण १० डेसिबलची घट लागते.

आता समजा, गाडीत येणारा निम्मा आवाज दारांतून येतोय आणि निम्मा फ्लोअर, काचा वगैरेंतून. दारांतून येणारा आवाज तुम्ही जादूने शून्य केलात, तरी मीटरवर फरक दिसेल फक्त ३. म्हणून ‘चार दारांत गाडी साउंडप्रूफ’ हा दावा ऐकला, की आधी हे गणित आठवायचं.

फोनचा माइक काय करतो?

फोनचा माइक बोलणं टिपण्यासाठी बनवलेला असतो. बऱ्याच फोनमध्ये मोठा आवाज आपोआप दाबला जातो आणि बारीक आवाज वाढवला जातो. शिवाय प्रत्येक मॉडेलचा माइक वेगळा. अमेरिकेतल्या एनआयओएसएच या सरकारी संस्थेने आपलं आवाज मोजण्याचं ॲप फक्त आयफोनपुरतं ठेवलं, त्यामागे अँड्रॉइडमधली ही विविधताच आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे बहुतेक ॲप्स ‘डीबीए’ दाखवतात. यात कानाला कमी जाणवणारे खोल आवाज कमी धरले जातात. १०० हर्ट्झच्या आवाजातून तर जवळपास १९ डेसिबल वजा होतात. गाडीतली ती ‘घूंऽऽ’ अशी घुमणारी धून नेमकी याच पट्ट्यातली. म्हणजे डॅम्पिंगचा खरा फायदासुद्धा या आकड्यात नीट दिसत नाही.

मग शीट करते तरी काय?

शीट म्हणजे ब्यूटाइल रबराचा थर आणि वर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा. दाराचा पत्रा थरथरला की मधलं रबर ताणलं-घासलं जातं आणि त्या थरथरीची उष्णता होते. ताटावर चमचा मारून लगेच बोट टेकवलं की आवाज बसतो ना, तसंच. म्हणूनच पूर्ण पत्रा मढवायची गरज नसते. मोकळ्या पत्र्याच्या मधल्या पाव ते एक तृतीयांश भागावर लावलं तरी बराचसा परिणाम मिळतो. वजनही वाचतं, कारण २ मिलिमीटरची शीट चौरस मीटरला साधारण ३-४ किलो भरते.

पण हवेतून येणारा आवाज ती फारसा अडवत नाही. वाऱ्याचा आवाज वेगाबरोबर टायरच्या आवाजापेक्षा झपाट्याने वाढतो आणि काचा, दाराची रबरं यांतून आत शिरतो. माझ्या दारांची खडखड गेली, दार लावताना ‘धप्’ असा भरीव आवाज येतो, स्पीकरही सुधारले. १२० वर वारा मात्र तसाच आहे.

करायचंच असेल तर

• आधी जुनी, कडक झालेली रबरं आणि टायरची हवा तपासा. यात खर्च फारसा नाही.
• शीट ब्यूटाइलचीच घ्या. स्वस्तातली डांबरी शीट उन्हात तापली की वास मारते आणि सुटते.
• दाराच्या खालची पाणी जाण्याची भोकं बुजवू देऊ नका, दार आतून गंजेल.
• काही गाड्यांत बाजूच्या एअरबॅगचा प्रेशर सेन्सर दारातच असतो. तो झाकू नका, पिवळ्या कनेक्टरना हात लावू देऊ नका. वॉरंटीबद्दल आधी विचारा.
• मोजायचं असेल तर जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं ‘फायफॉक्स’ हे मोफत ॲप वापरा. त्यात ऑडिओ स्पेक्ट्रम दिसतो, म्हणजे कुठल्या पट्ट्यातला आवाज घटला ते कळतं. तीनदा मोजा.

आकडा आपल्याला मिळत का नाही?

युरोपात २०१२ पासून टायरच्या लेबलवर त्याचा बाहेरचा आवाज डेसिबलमध्ये छापलेला असतो. आपल्याकडेही केंद्राने जून २०२२ मध्ये टायरच्या आवाजाची मर्यादा नियमात आणली. नवीन डिझाइनच्या टायरना ती १ ऑक्टोबर २०२२ पासून लागू झाली. म्हणजे टायरची चाचणी होते, आकडाही असतो. पण मी परवा टायर बदलले तेव्हा दुकानात मला तो कुठेच लिहिलेला दिसला नाही. गाडीच्या ब्रोशरमध्ये सनरूफपासून स्क्रीनच्या इंचांपर्यंत सगळं होतं, १०० च्या वेगाला आत किती आवाज येतो ते नव्हतं.

ही मोकळी जागा आज रील्स भरून काढतायत. त्यामुळे पुढच्या वेळी टायर घेताना किंवा टेस्ट ड्राइव्हला गेल्यावर तो आकडा मागा. बहुतेक मिळणार नाही. पण मायलेजसारखा तो रोज शंभर जणांनी विचारला, तर कधीतरी छापावा लागेल.